श्रीपाद, आई आणि बावीस प्रतिज्ञा

श्रीलंकेला जाऊन आले म्हटलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात. अशोकवाटिका बघितली का, आणि तिकडं आता पेट्रोल मिळतं का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो, २०२२ च्या त्या रांगा कधीच संपल्या. आम्ही गेलो होतो श्रीपादसाठी, म्हणजे नकाशावर ज्याला अ‍ॅडम्स पीक लिहिलेलं असतं तो डोंगर, आणि आमच्या विहारातल्या बायका लिही लिही म्हणून इतक्या मागे लागल्या की शेवटी बसलेच लिहायला. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी डोंगराबद्दल सांगते. उंची २२४३ मीटर. श्रीलंकेतला सगळ्यात उंच हा नाही, तो मान पिदुरुतलागलाचा, २५२४ मीटर, पण तो डोंगर पाहून कोणी हात जोडत नाही कारण तो नुसता उंच आहे, त्याला आकार असा नाही. श्रीपाद मात्र आजूबाजूच्या सगळ्या रांगेतून एकटाच सुळक्यासारखा वर आलेला, अगदी लहान मूल काढतं तसा त्रिकोणी डोंगर, आणि म्हणूनच समुद्रावरून येणाऱ्या जुन्या खलाशांनासुद्धा तो लांबून ओळखू यायचा. माथ्यावर एक मोठी शिळा आहे, त्या शिळेवर पाऊलासारखा साडेपाच-सहा फूट लांब खळगा आहे, आणि हा खळगा कोणाचा यावरून सगळं जग तिथं येऊन गेलंय. बौद्ध म्हणतात भगवान बुद्धांच्या डाव्या पायाचा, तमिळ हिंदू म्हणतात शिवाचा (त्यांचं नाव शिवनोळिपाद मलै), मुसलमान म्हणतात स्वर्गातून खाली उतरलेल्या आदमचा, आणि पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तो संत थॉमसचा ठरवून टाकला. पाय एक, दावेदार चार.

आता आमच्या घरचं. आम्ही नागपूरचे, आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरा फोटो नाही. बावीस प्रतिज्ञा आम्हाला शाळेच्या प्रतिज्ञेच्या आधी पाठ झाल्या. देव नाही, अवतार नाही, चमत्कार नाही, बुद्ध हा माणूस होता आणि माणूस म्हणूनच मोठा होता, हे ऐकत वाढलेली मी. त्यामुळे आईनं जेव्हा सांगितलं की मले श्रीपादले जायाचं हाय, भंतेजी सांगत होते, तेव्हा मी आधी गुगल केलं आणि मग तिला म्हटलं, अगं आई तिथं बुद्धाच्या पाऊलाची पूजा करतात, आणि वरून समन नावाचा एक देव पण आहे, आपल्याला कसं चालेल. ती म्हणे, "तू पाहाले चाल, पूजा कराले कोन म्हणते?" विषय संपला, तिकिटं काढली.

सीझनचं आधी सांगते कारण त्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून, तिकडं तिला उंदुवप पोया म्हणतात, ते मे मधल्या वेसाकपर्यंत, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत, यात्रा चालते. बाकीचे महिने ढग, पाऊस, वारा आणि जळवा. सीझन सुरू होताना पेल्मडुल्लाच्या गल्पोत्तावल विहारातून समन देवाची मूर्ती आणि अस्थिधातू मिरवत वर नेतात आणि वेसाकनंतर परत खाली आणतात. म्हणजे देवसुद्धा पावसाळ्यात वर राहत नाही. वाटेवरचे दिवे आणि दुकानं पण सीझनपुरतीच. पौर्णिमेच्या आणि सुट्टीच्या रात्री पायऱ्यांवर अशी गर्दी होते की तासन् तास माणूस एका जागी उभा असतो, म्हणून आम्ही मुद्दाम मधला वार धरला.

कोलंबो फोर्टवरून बदुल्लाकडे जाणारी रेल्वे पकडायची आणि हॅटनला उतरायचं. ही रेल्वे म्हणजे जिचे दारात लटकून काढलेले फोटो तुम्ही इन्स्टावर बघता तीच. साधारण पाच तास. हॅटनपासून पुढं मस्केलियावरून बस जाते नल्लतन्नीला, ज्याला इंग्रजांनी डलहौसी नाव ठेवलं होतं आणि अजून हॉटेलवाले तेच सांगतात. वाटेत मौसाकेलेचं धरण लागतं. जुनं मस्केलिया गाव या पाण्याखाली गेलंय, आणि पाणी उतरलं की जुनं कोविल म्हणजे तमिळ देऊळ, बाकीची देवळं वर दिसायला लागतात असं बसमधल्या एका काकांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितलं. सगळा भाग चहाचा. आधी इथं कॉफी होती, तिच्यावर रोग पडला आणि मग इंग्रजांनी सगळे डोंगर चहानं झाकून टाकले, आणि तोडणीला माणसं आणली तमिळनाडूतून. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज पण त्या लाइनीतल्या खोल्यांत राहतात. बसमध्ये सिंहली कमी आणि तमिळ जास्त ऐकू येत होती. फोटोत हिरवंगार फार छान दिसतं, पण टोपली पाठीला बांधून उतारावर उभ्या राहिलेल्या बाया बघितल्या की आई गप्प झाली, ती स्वतः लहानपणी कापूस वेचायला जायची.

नल्लतन्नीला संध्याकाळी पोचलो, थोडं झोपलो आणि रात्री निघालो. रात्री का, तर पहाटेचा सूर्योदय वर बघायचा असतो, आणि दुसरं म्हणजे दिवसा ऊन लागतं. पायऱ्या साधारण ५५०० सांगतात, मी मोजल्या नाहीत आणि मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण मधेच चढ, मधेच सपाट, मधेच फूटभर उंचीची पायरी, मधेच चार इंचाची. गावातून वर बघितलं की अंधारात दिव्यांची एक वाकडीतिकडी ओळ आभाळात चढत जाताना दिसते आणि शेवटचा दिवा इतका उंच असतो की पहिल्यांदा मला तो तारा वाटला.

आईनं पांढरी साडी नेसली होती, आपल्या विहारात वंदनेला नेसतात तीच, पांढरी, निळ्या काठाची. वर स्वेटर, कानाला मफलर. आणि झालं असं की तिकडच्या सगळ्या बायका पण पांढऱ्याच कपड्यात. दहा मिनिटांत आई त्या गर्दीत अशी मिसळून गेली की मला तिला शोधावं लागायला लागलं, आणि जीन्स घातलेली मीच काय ती परदेशी. एका म्हातारीनं तिला सिंहलीत काहीतरी लांबलचक विचारलं. आईनं वऱ्हाडीत तितकंच लांब उत्तर दिलं. दोघीही समाधानी.

सुरुवातीला मकर तोरण लागतं, मग थोडं पुढं जपानी शांती स्तूप. हा निप्पोनझान म्योहोजीवाल्यांचा, म्हणजे फुजी गुरुजींच्या पंथाचा. हे तेच फुजी गुरुजी जे १९३० च्या दशकात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि वर्ध्याचा विश्वशांती स्तूप, राजगीरचा १९६९ चा स्तूप हे सगळे त्यांच्याच पंथाचे. मी आईला सांगितलं हा आपल्या वर्ध्यावाल्यांचा स्तूप आहे, तर ती म्हणे मग थांबून पानी पिऊ. वर्ध्याचं नातं असं उपयोगी पडलं.

पुढं सीता गंगुला नावाचा ओढा. यात्रेकरू इथं अंघोळ करतात, निदान हातपाय आणि तोंड धुतात, मगच पुढं जातात. रात्रीच्या त्या थंडीत सत्तरीचे आजोबा बनियनवर पाणी ओतून घेत होते आणि शेजारी दोन जर्मन पोरं डाऊन जॅकेट घालून कुडकुडत त्यांच्याकडं बघत होती.

तिथल्या रीती फार मजेशीर आहेत. यात्रेकरूंच्या जथ्याला नडे म्हणतात, आणि जथ्याचा एक म्होरक्या असतो, अनेकदा जाऊन आलेला, त्याला नडे गुरा. निघायच्या आधी हळदीच्या पाण्यात धुतलेल्या नाण्याची पांढऱ्या फडक्यात पुरचुंडी बांधतात, ती पंडुर, म्हणजे नवस-रक्षणाचं नाणं. पहिल्यांदा जाणाऱ्याला कोडु म्हणतात, आपल्याकडं कॉलेजात फर्स्ट इयरवाल्यांना जसं बघतात तसं, जरा चिडवायचं, जरा सांभाळायचं. अजून किती राहिलं असं वाटेत विचारायचं नाही, दमलो म्हणायचं नाही, वाईट बोलायचं नाही. आणि वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना गाऊन आशीर्वाद देतात, वंदनेला चाललेल्या या जथ्याला समन देव राखो, वंदन करून उतरणाऱ्या या जथ्याला समन देव राखो, आणि शेवटी सगळे मिळून करुणावै. ते करुणावै आईला लगेच जमलं. समोरून कोणी आलं की ही आधी करुणावै म्हणायची आणि मग सवयीनं जय भीम पण म्हणायची. दोन-तीन तरुण पोरांनी तिला परत जय भीम म्हटलं, काय म्हणतोय ते न कळता.

दुकानांचं सांगितलं नाही तर पाप लागेल. पूर्ण वाटभर चहाच्या टपऱ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, खेळणी, स्वेटर, मफलर, आणि मिठाईचे ढीगच्या ढीग. कालू दोदोल म्हणून काळा, चिकट, नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा प्रकार मिळतो, गोव्याकडच्या लोकांना लगेच ओळखू येईल, दोदोलच तो. मस्कट म्हणून रंगीबेरंगी, पारदर्शक, तुपकट वड्या. चहा कोरा देतात आणि साखर न घालता बाजूला कितूलच्या गुळाचा खडा देतात, कितूल म्हणजे आपल्या भेरली माडासारखंच झाड. खडा दाताखाली धरायचा आणि वरून चहाचा घोट. आईनं दर टपरीवर हा प्रयोग केला. माझ्या मते ती गुडघ्यांमुळे नाही, गुळामुळे थांबत होती.

मग इंदिकटुपान नावाची जागा येते. बुद्ध इथं थांबले आणि फाटलेलं चीवर, म्हणजे अंगावरचं भिक्षूचं वस्त्र, शिवलं अशी कथा आहे. म्हणून यात्रेकरू इथं सुईत दोरा ओवून खोचतात आणि दोऱ्याचं रीळ सोडत सोडत वर जातात. कठड्यावर, झुडपांवर, खांबांवर हजारो पांढरे दोरे एकमेकांत गुंतून जाळं झालेलं, दिव्याच्या उजेडात कोळ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. एका छोट्या मुलीनं आपल्या रिळाचं टोक आईच्या हातात दिलं आणि दोघी थोडा वेळ एकच दोरा धरून चढल्या. ही कथा मला सगळ्यात जास्त आवडली. चमत्कार नाही, आकाशातून उडणं नाही, माणसाचं कापड फाटलं आणि त्यानं बसून शिवलं. बाबासाहेबांचा बुद्ध असाच तर आहे.

बाकी कथांचं मात्र तसं नाही. महावंस नावाचा जो त्यांचा पाली इतिहासग्रंथ आहे त्यात बुद्ध तीनदा लंकेत आले असं सांगितलंय, पहिल्यांदा महियंगणला, दुसऱ्यांदा नागदीपला, तिसऱ्यांदा कल्याणीला म्हणजे आजच्या केलनियाला, आणि तिथून या डोंगरावर येऊन पाऊल उमटवून गेले. पहिल्या भेटीत समन देवाला त्यांनी डोक्याचे केस दिले म्हणे. इतिहासकार यातलं काही इतिहास म्हणून धरत नाहीत, आणि मी पण धरत नाही. पण यात्रेचा इतिहास खरा आहे आणि तो जबरदस्त आहे. चिनी भिक्षू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लंकेत होता, त्यानं डोंगरावरच्या पाऊलाची नोंद केलीय. पहिला विजयबाहू, अकराव्या शतकातला, ज्यानं चोळांना हाकललं, त्यानं यात्रेकरूंच्या जेवणाखाण्यासाठी गिलीमले गाव तोडून दिलं आणि अंबगमुवाला त्याचा शिलालेख आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी निश्शंकमल्ल राजा सैन्य घेऊन चढून गेला आणि वरच्या गुहेत स्वतःचं नाव कोरून आला. १३४४ मध्ये इब्न बतूता चढला, त्यानं लिहिलंय की दोन वाटा आहेत, एक बाबाची आणि एक मामाची, म्हणजे आदमची आणि हव्वाची, आणि कड्याला धरायला साखळ्या लावल्यात. पाऊल त्याला अकरा वीत भरलं. त्याच्यासोबत योगी, ब्राह्मण पण चालत होते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी पण हीच सगळी मिक्स गर्दी.

भांडणं झालीच नाहीत असं नाही. सोळाव्या शतकात सितावकच्या पहिल्या राजसिंहानं डोंगर भिक्षूंच्या हातून काढून शैव संन्याशांना दिला, आणि अठराव्या शतकात कँडीच्या कीर्ति श्री राजसिंहानं तो परत भिक्षूंना, वेलिविट सरणंकर यांना दिला. आता इथं माझ्यातली नागपूरकर जागी होते. याच सरणंकरांनी सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, उपाली भिक्षूंना बोलवून १७५३ मध्ये सियाम निकाय (निकाय म्हणजे भिक्षूंचा पंथ) सुरू केला, धम्म पुन्हा उभा केला, फार मोठं काम. आणि थोड्याच वर्षांत त्या निकायात उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, फक्त गोविगम या वरच्या शेतकरी जातीच्या माणसालाच, असा नियम झाला. हो, जातीच्या. बुद्धाच्या संघात. शेवटी बाकीच्या जातीतले लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथून उपसंपदा घेऊन आले आणि १८०३ मध्ये अमरपूर निकाय निघाला. श्रीपादचा कारभार आजही सियाम निकायाच्या महाथेरांकडं आहे. मी हे सगळं आईला चढताना धापा टाकत सांगत होते. ती थांबली, कठड्याला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे इथंबी?" मग थोडं चालून म्हणाली, "बाबासाहेब आले होते ना इथं?" आले होते. १९५० मध्ये कोलंबोच्या जागतिक बौद्ध परिषदेला, आणि तिथल्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या दलितांना बौद्ध व्हा म्हणून सांगितलं. आईनं मान हलवली. "त्यायले समजलं असन मग."

शेवटचा टप्पा महागिरिदंब. नावातच सगळं आलं. इथं पायऱ्या जवळजवळ शिडीसारख्या उभ्या होतात, मधे लोखंडी कठडा, एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, आणि वारा असा की मफलर धरून ठेवावा लागतो. इथं सगळे गप्प होतात, फक्त श्वास आणि काठ्यांचे आवाज. माझ्या पुढं एक मुलगा आपल्या आजीला मागून दोन्ही हातांनी ढकलत होता, आणि आजी दर चार पायऱ्यांनी मागं वळून त्याला काहीतरी सुनवत होती, बहुतेक नीट ढकल म्हणून. आईला मी हात द्यायला गेले तर, "मले काई होत नाई, तू चाल समोर." मी समोर गेले आणि वीस पायऱ्यांनी मीच बसले.

माथ्याच्या जवळ समन देवाचं ठाणं. पांढरा हत्ती, हातात कमळ, समोर दिवे. हा श्रीलंकेच्या रक्षक देवांपैकी एक, आणि हा डोंगर त्याचाच, बुद्ध इथं पाहुणे म्हणून आले असं मानतात. मी आता आई काय करते ते बघत होते. मागं रांग, पुढं रांग, सगळे हात जोडून वाकतायत. आई त्याच्यासमोर सरळ उभी राहिली, त्याला नीट निरखून पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "जय भीम." आणि पुढं निघाली. मी हसून हसून बेजार. नंतर विचारलं तर म्हणे, देव गिव मी मानत नाई, पन तो इथला रखवालदार हाय ना, रखवालदाराले जय भीम म्हणाले काय हरकत हाय, आपल्या सोसायटीतल्याले नाई म्हणत का? यावर बावीस प्रतिज्ञांत काही कलम आहे का, मी अजून शोधतेय.

वर जागा अगदी लहान. चपला-बूट खाली काढायचे, आणि त्या पहाटेच्या दगडावर अनवाणी पाय ठेवला की झोप, थकवा, अध्यात्म सगळं एकदम उडून जातं. पाच-सहा डिग्री असेल. लोक कोपऱ्याकोपऱ्यात ब्लँकेट गुंडाळून एकमेकांना चिकटून बसलेले, भिंतीवर पोलिस, भोंग्यावर परित्त पाठ, म्हणजे रक्षणासाठीची पाली सूत्रं, चालू. पाऊलाच्या छोट्या खोलीत रांगेनं सोडतात, फोटो काढायला बंदी. आणि आत गेल्यावर कळतं की पाऊल दिसतच नाही. त्याच्यावर कापड, कापडावर फुलं, नाणी. कडेला डोकं टेकवायचं आणि निघायचं, तीन सेकंद. त्यात पुन्हा लोक सांगतात की खरं पाऊल या शिळेच्या खाली आहे, नीलमण्यावर उमटलेलं, आणि वरचा खळगा नुसता खूण म्हणून. आई बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्या दूर येऊन कपडाच पाहाचा होता का?" मी म्हटलं तूच म्हणालीस ना, पूजा करायला कोण जातंय, पाहायला जाऊ. त्यावर तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

खरं सांगू का, मला तो कपडा बरोबर वाटला. चार धर्म एका खळग्यावर बोट ठेवून बसलेत, कोणाला नीट दिसला तर लगेच टेप लावून मोजायला लागतील.

बाजूला दोलोसमहे पहान म्हणून दिवा आहे, बारा महिने जळता ठेवायचा तो, लोक घरून आणलेलं तेल त्यात ओततात. आणि घंटा. जितक्यांदा चढून आलात तितके टोले द्यायचे. आईनं एक दिला, मी एक दिला. आमच्या मागचे काका सुरू झाले ते थांबेचनात, लोक हसायला लागले, कोणीतरी मोजायला लागलं, शेवटी काकांनाच लाज वाटली आणि ते मधेच थांबले.

मग पूर्वेकडं लाल झालं आणि अख्खी गर्दी उठून उभी. तिकडं याला इर सेवय म्हणतात, सूर्यानं बुद्धाला केलेलं वंदन, सूर्य वर येताना तीनदा झुकतो अशी श्रद्धा आहे. झुकला की नाही माहीत नाही, माझ्यापुढं एका उंच माणसाचं डोकं होतं. पण ढोल वाजला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम साधू, साधू, साधू. इथं मात्र माझ्या अंगावर काटा आला. कारण हे तीन साधू आपले आहेत. हाच सूर, हाच पाली उच्चार, बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, त्यांना मराठी येत नाही आणि आम्हाला सिंहली येत नाही आणि त्रिशरण-पंचशील शब्दाला शब्द एकच. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो लोक एका दमात म्हणतात तेव्हा जमीन कशी हलल्यासारखी वाटते, तसंच ते होतं, फक्त दोन हजार मीटरवर आणि अनवाणी. आई डोळे मिटून पंचशील म्हणत होती आणि तिच्या बाजूची ती सिंहली म्हातारी, ती पण तेच म्हणत होती, आणि पाचव्या शीलातल्या सुरामेरय ला दोघी अगदी एकाच जागी श्वास घेत होत्या.

तेवढ्यात सगळी तरुण पोरं पलीकडच्या बाजूला पळाली, मी पण. पश्चिमेला डोंगराची सावली पडते, ढगांवर, अगदी पट्टीनं काढल्यासारखा त्रिकोण. डोंगर काही इतका रेखीव नाही, पण सावली लांबवर जाऊन टोकदार होते. सूर्य वर चढतो तशी ती सावली आखडत आखडत पायाशी येते. वीस मिनिटांचा खेळ.

खाली उतरताना दिवसाचा उजेड असतो आणि मग कळतं रात्री आपण कशातून आलो. एका बाजूला घनदाट जंगल, लालभडक महारत्मलची फुलं (ऱ्होडोडेंड्रॉनची तिकडची जात), केलनी, कलू आणि वलवे या तीन मोठ्या नद्यांचं पाणी याच डोंगरांतून निघतं. या जंगलासकट मध्य श्रीलंकेचा डोंगरी भाग २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आणि दुसऱ्या बाजूला, त्याच पायऱ्यांच्या कडेला, प्लास्टिकच्या बाटल्या, बिस्किटाचे कागद, आणि ते दोरे पण, आता बहुतेक नायलॉनचे. पोती भरून कचरा खाली नेणारी माणसं भेटली. त्यांना पण आई करुणावै म्हणाली, आणि मग तिच्या पिशवीत गुळाचे जे कागद होते ते सगळे मला दिले, धर म्हणून.

आता कामाचं, कारण मंडळातल्या सतरा जणी विचारून राहिल्यात. विमानाच्या आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरायची परवानगी, काढा. पोयाचा म्हणजे पौर्णिमेचा दिवस टाळा, गर्दीच बघायची असेल तर टाळू नका. हॅटनची वाट सोपी, रत्नपूर-पलाबद्दलची वाट लांब आणि जुनी, ती पुढच्या वेळी. निघताना टी-शर्ट, आणि पिशवीत स्वेटर, माथ्यावर घालायला कोरडा, कारण घामानं ओला झालेला अंगावर गार पडतो. मोज्यांचे दोन जोड. शांती स्तूपापर्यंत चढ काहीच नाही, तेवढ्यावर खूश होऊन जोरात चालू नका. पहाटे तीनच्या आत वर पोचू नका, उगाच थंडीत बसावं लागतं. समन देवाला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवा, आईनं मंडळाच्या बैठकीत तिचा पॅटर्न सांगितलाय आणि त्यावर दोन गट पडलेत. आणि गुडघ्याचा पट्टा उतरताना लावा, चढताना नाही, चढताना नुसता दम लागतो, गुडघे जातात ते खाली येताना.